डीलर खेळत नसतो

कॅसिनोतल्या 'थ्री कार्ड पोकर'च्या टेबलावर एकदा ब्लफ मारून बघा. हातात पंजी, तिर्री, दुर्री आहे, तरी चेहरा थंड ठेवून पैसे पुढे सरकवा. समोरचा माणूस घाबरणार नाही. पॅक करणार नाही. क्षणभर थांबून तुमच्याकडे बघणारही नाही, कारण ठरवण्यासारखं त्याच्या हातात काही ठेवलेलंच नाही. तो आपले तीन पत्ते उलटवेल, तुमच्या पत्त्यांशी ताडून बघेल आणि चिप्स उचलेल किंवा देईल.

म्हणजे ज्या खेळाचं नाव ब्लफमुळे जगभर झालं, त्याच नावाने चालणाऱ्या या खेळात ब्लफ नाही. मला या लेखात एवढ्याच गोष्टीकडे नीट बघायचं आहे. आपण कादंबरीचं परीक्षण लिहितो, सिनेमाचं लिहितो, व्हिडिओ गेमचे रिव्ह्यू तासतासभर बघतो. पत्त्यांच्या खेळाला मात्र एक तर व्यसन म्हणून झिडकारतो, नाहीतर 'जिंकायच्या पाच ट्रिक्स' म्हणून विकतो. वास्तविक या खेळालाही लेखक आहे, आवृत्त्या आहेत, आधीच्यांकडून केलेली उसनवारी आहे. आणि मुखपृष्ठावर जो प्रकार छापलाय तोच आत निघेल याची खात्री इथेही नाही.

आधी खेळ समजून घेऊ. अर्धगोल टेबल, पलीकडे डीलर, अलीकडे सहा-सात खुर्च्या. प्रत्येक खुर्चीसमोर कापडावर तीन जागा आखलेल्या: 'अँटी', 'प्ले' आणि 'पेअर प्लस'. पत्ते बघायच्या आधी अँटीवर पैसे ठेवायचे. आपल्या तीन पत्तीत बूट टाकतो तसंच, फक्त इथे ते मधल्या ढिगात जात नाहीत, तुमच्याच समोर पडून राहतात. तुम्हाला तीन पत्ते, डीलरला तीन. तुम्ही तुमचे बघायचे. मग एकच प्रश्न: अँटीइतकेच पैसे प्लेवर ठेवून पुढे जायचं, की पॅक करून अँटी सोडून द्यायची? तिसरा पर्याय नाही. चाल वाढवता येत नाही, साइड शो मागता येत नाही, शेजारच्याशी तर तुमचा काही संबंधच नाही. टेबलावर सहा जण असले तर तिथे सहा वेगवेगळे खेळ चालू असतात.

सगळ्यांचं ठरलं की डीलर आपले पत्ते उघडतो. त्याच्याकडे निदान राणी हवी. राणी किंवा तिच्या वरचं काहीही. नसेल तर तो 'क्वालिफाय' होत नाही. मग तुम्हाला अँटीवर तेवढेच पैसे मिळतात आणि प्लेवरचे जसेच्या तसे परत येतात. तो क्वालिफाय झाला आणि तुमचे पत्ते सरस असले तर दोन्हींवर एकास एक. त्याचे सरस असले तर दोन्ही गेले. सीक्वेन्स किंवा त्याहून मोठं काही आलं तर अँटीवर वेगळा बोनस, अगदी डीलर जिंकला तरी. पेअर प्लस हा बाजूला चालणारा सट्टा आहे. त्यात डीलरच्या पत्त्यांशी देणंघेणं नाही, तुमच्या तीन पत्त्यांत जोडी किंवा वरचं काही लागलं का, एवढंच.

संपला खेळ. पाच मिनिटांत शिकून होतो. आणि आपल्याकडच्या कुणालाही तो तीन मिनिटांत कळतो, कारण दिवाळीत चुलत-मावस भावंडांच्या घोळक्यात त्याची उजळणी आधीच झालेली असते.

हे साम्य योगायोगाचं नाही. तीन पत्तीचा पूर्वज म्हणून ब्रिटनमधल्या 'थ्री कार्ड ब्रॅग'चं नाव घेतलं जातं. थ्री कार्ड पोकर १९९४ साली रचला तो डेरेक वेब या ब्रिटिश पोकर खेळाडूने, म्हणजे ब्रॅगच्याच देशातल्या माणसाने. त्यामुळे तीन पत्ती आणि थ्री कार्ड पोकर ही लांबची भावंडं म्हणता येतील. एक घरात वाढलं, दुसरं कंपनीत.

पण घरच्या भावंडात आणि कंपनीतल्या भावंडात पहिला फरक दिसतो तो पानांच्या क्रमवारीत. तीन पत्तीत सगळ्यात वर ट्रेल: तीन एक्के, तीन राजे. त्याखाली प्युअर सीक्वेन्स. ब्रॅगमध्येही असंच. आता मोजून बघू. बावन्न पत्त्यांतून तीन पत्ते २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांत ट्रेल ५२ आणि प्युअर सीक्वेन्स ४८. म्हणजे प्युअर सीक्वेन्स जास्त दुर्मीळ, तरी आपण ट्रेलला वर बसवतो. का? कारण तीन एक्के एकत्र दिसले की अंगावर काटा येतो. सत्ती-अठ्ठी-नव्वी एका रंगाची आली तर बरं वाटतं, इतकंच. लोकांनी घडवलेल्या खेळाने डोळ्यांना जे मोठं वाटलं त्याला मोठं ठरवलं. वेबच्या खेळात प्युअर सीक्वेन्स वर आहे आणि ट्रेल खाली. हिशोब बरोबर केलेला. मला ही दुरुस्ती फार बोलकी वाटते. ज्या टेबलावर प्रत्येक पानाची किंमत आधीच गणिताने ठरवायची आहे, तिथे तीन एक्क्यांच्या रुबाबाला वेगळी सवलत मिळत नाही.

आता त्या 'क्वालिफाय'च्या नियमाकडे येऊ. सगळ्या नियमावलीत सगळ्यात हुशारीने लिहिलेलं वाक्य तेच आहे. डीलरविरुद्धच्या पोकरच्या जवळजवळ सगळ्या घराण्याची ती खूण आहे. पाच पत्त्यांच्या 'कॅरिबियन स्टड'मध्ये डीलरला एक्का-राजा लागतो, 'कॅसिनो होल्डेम'मध्ये चव्व्यांची जोडी. पहिल्यांदा ऐकताना हा नियम दयाळू वाटतो. डीलरकडे काही नसेल तर तो आपोआप हरला! थ्री कार्ड पोकरमध्ये हे शंभरातल्या तीस डावांत होतं. दर दहा डावांत तीनदा समोरचा हात वर करतो, असा कुठला खेळ आहे?

पण ही भेट नेमकी कधी मिळते ते बघा. तुमच्या हातात तीन राजे आहेत, छाती धडधडतेय, तुम्ही प्लेवर पैसे ठेवता आणि डीलर उघडतो गुलाम, सत्ती, चव्वी. तो क्वालिफाय झालाच नाही. बोनस मिळाला, अँटीचे मिळाले, पण प्लेवरचे पैसे कोरडेच परत आले. ज्या डावात तुम्ही नक्की जिंकणार होता तोच नेमका अर्धा फुसका निघाला. कथेत कळसाच्या प्रसंगी खलनायकाने 'मी आलोच नव्हतो' म्हणावं तसं.

तरीही कॅसिनोची कमाई इथून होत नाही. ती कुठून होते हे समजायला एक प्रयोग करू. समजा तुम्ही अगदी डीलरसारखंच वागायचं ठरवलंत: राणी किंवा वरचं आलं तरच खेळायचं, नाहीतर पॅक. म्हणजे दोन्ही बाजू सारख्या झाल्या. दोघांकडे राणी किंवा वर असेल तर कधी तुम्ही दोन एकक जिंकाल, कधी तो, हिशोब शून्य. तुमच्याकडे आहे, त्याच्याकडे नाही: तुम्हाला एक एकक. त्याच्याकडे आहे, तुमच्याकडे नाही: तुमचं एक एकक गेलं. हेही फिटलं. उरली एकच शक्यता, की दोघांकडेही काही नाही. घरी असा डाव फुकट गेला तर हसून पुन्हा पत्ते वाटतात. इथे मात्र तुम्ही आधी बोलायचं असतं. तुम्ही पॅक केलेलं असतं, अँटी गेलेली असते, आणि मग डीलरचे पत्ते निरर्थक ठरतात.

असे डाव शंभरात जवळपास नऊ. सगळा नफा या नऊ डावांतून येतो. त्यातला काही भाग कॅसिनो सीक्वेन्स आणि वरच्या पानांवरच्या बोनसमधून परत देतं, आणि उरतात अँटीच्या दर शंभर रुपयांमागे ३ रुपये ४५ पैसे. समोरच्याकडे चांगले पत्ते आहेत म्हणून तुम्ही दीर्घकाळात हरत नाही. दोघांचेही हात रिकामे असताना हरता. या खेळाविषयी मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे, आणि टेबलावर बसलेल्या माणसाला ती कधीही दिसत नाही, कारण आपण पॅक केल्यावर डीलरचे पत्ते कसेही असले तरी त्यात आपल्याला रस उरत नाही.

मग कौशल्य? आहे. खरं तर याच एका शब्दावर 'पोकर' ही पाटी टांगलेली आहे. गणित्यांनी सगळ्या शक्यता तपासून उत्तर काढलंय: राणी-छक्की-चव्वी किंवा त्याहून चांगलं असेल तर खेळा, नाहीतर सोडा. इंटरनेटवर हे उत्तर मंत्रासारखं फिरतं. ते पाळलं की कॅसिनोचा वाटा ३.४५ वरून ३.३७ टक्क्यांवर येतो. म्हणजे शंभर रुपयांमागे आठ पैसे वाचले. पाचशे रुपयांच्या अँटीने तासाला पन्नास डाव झाले असं धरलं, तर तासाला वीस रुपये. दोन कटिंग येतील. उलट टोकाला, जो पत्ते न बघता प्रत्येक डाव खेळतो त्याच्यासाठी तो वाटा ७.६५ टक्के होतो. तेव्हा या खेळातल्या बुद्धीचा सगळा प्रदेश ७.६५ पासून ३.३७ पर्यंत आहे आणि त्यातला बहुतेक रस्ता 'राणी आली की खेळ' एवढ्या एका वाक्यात कापून होतो. अभ्यास करून तुम्ही कमी हरू शकता. जिंकणाऱ्या बाजूला जायचं दारच नाही.

खरी वाचायची जागा वेगळीकडे आहे: पेअर प्लसचा तक्ता. तो कापडावर छापलेलाच असतो. प्युअर सीक्वेन्सला ४०, ट्रेलला ३०, सीक्वेन्सला ६, कलरला ४, जोडीला १. या तक्त्यात कॅसिनोचा वाटा २.३२ टक्के. आता दुसरी आवृत्ती: सगळं तेच, फक्त कलरला ४ च्या जागी ३. वाटा ७.२८ टक्के. एका आकड्याने तिपटीहून जास्त! कारण कलर १,०९६ प्रकारे येतो. ४०, ३० हे डोळे दिपवणारे आकडे ज्या पानांसमोर आहेत ती दोन्ही मिळून फक्त १०० प्रकारे. लोक वरचे दोन आकडे वाचतात, कॅसिनो चौथ्या ओळीत फेरफार करतं. पाचशेचा सट्टा, तासाला पन्नास डाव, या आपल्या हिशोबाने त्या एका आकड्याची किंमत तासाला साधारण १,२४० रुपये. पाठभेदाचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापकांना सुद्धा इतका महागडा पाठभेद सापडला नसेल.

जुगाराच्या अड्ड्याच्या मालकाला संस्कृतात 'सभिक' म्हणत. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त (मराठी रंगभूमीला ते देवलांमुळे माहीत आहे) दुसऱ्या अंकात माथुर नावाचा सभिक येतो. संवाहक दहा सुवर्ण हरून पळालाय, देवळात शिरून मूर्ती बनून उभा आहे. माथुर आणि एक जुगारी त्याला शोधत तिथेच येतात, आणि खेळायलाच बसतात. आवाज कानावर पडतो आणि मूर्तीला राहवत नाही. ती खेळायला पुढे येते. जुगाराचं वेड इतक्या कमी जागेत इतकं नेमकं दाखवणारा दुसरा प्रसंग मला माहीत नाही. पण इथे मला बघायचं आहे ते माथुराकडे. त्याला चेहरा आहे, तो शिव्या देतो, बखोटी धरतो, पैसे मागतो. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त द्यूताध्यक्षाने जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घ्यावेत असा उघड नियम आहे. वाटा किती, कुणाचा, कधी, सगळं सांगून. पोकरच्या क्लबातही असंच असतं: प्रत्येक डावातून क्लब आपला 'रेक' काढतो, तो समोर दिसतो, आणि उरलेल्या पैशांसाठी खेळाडू आपापसात भांडतात. डीलरविरुद्धच्या पोकरमध्ये वाटा मागणारा कुणी नसतो. वाटा नियमाच्या आत विरघळवलेला आहे. तुम्ही तो देता तेव्हा तुम्हाला वाटतं, आज नशीब नव्हतं.

आणि समोरचा? त्याच्यासाठी महाभारतातल्या सभापर्वात एक छोटा आक्षेप आहे, आपण सहसा पुढच्या प्रसंगाच्या भीषणपणात तो विसरतो. पण लावणार दुर्योधन आणि फासे टाकणार शकुनी, असं ठरतं तेव्हा युधिष्ठिर म्हणतो की एकाच्या वतीने दुसऱ्याने खेळणं मला योग्य वाटत नाही. म्हणतो आणि बसतोच. कॅसिनोच्या टेबलावरची रचना तीच आहे. पैसे एकाचे, हात दुसऱ्याचा. फक्त शकुनीला कपट करावं लागलं असं आपण मानतो. डीलरला त्याची गरज नाही, नियम पुरेसे आहेत.

पुश्किनची 'हुकमाची राणी' ही कथा १८३४ ची. तीत हेर्मान फारो नावाचा खेळ खेळतो, तोही बँकेविरुद्धचाच खेळ. ठरवण्यासारखं जवळपास काही नाही: एक पान निवडायचं आणि ते डावीकडे पडतं की उजवीकडे ते बघायचं. तीन रात्री, तीन पानं. बँकर चेकालिन्स्की हा कायम हसतमुख, सभ्य म्हातारा. पहिल्या रात्री तो शांतपणे पैसे मोजून देतो. दुसऱ्या रात्री अस्वस्थ होतो. तिसऱ्या रात्री पत्ते वाटताना त्याचे हात थरथरतात. पुश्किनला हे थरथरणं लिहिता आलं, कारण चेकालिन्स्कीचं खरोखर काही जाणार होतं. (शेवटी हेर्मानच्या हातात एक्क्याऐवजी राणी निघते आणि तो संपतो. आपल्या खेळातही उंबरठ्यावर राणीच उभी आहे. पण या योगायोगातून मी अर्थ काढणार नाही.)

इयान फ्लेमिंगच्या 'कॅसिनो रॉयाल'मध्येही असंच. १९५३ च्या कादंबरीत बाँड आणि ल शिफ्र यांच्यातला सामना बॅकरॅटचा आहे, ज्यात खेळाडूला फारसं ठरवायचं नसतं. २००६ च्या सिनेमात तो टेक्सस होल्डेम झाला. याचं सोपं स्पष्टीकरण देता येतं: २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाच्या हौशी खेळाडूने पोकरची जागतिक स्पर्धा जिंकून २५ लाख डॉलर नेले, पोकरची लाट आली, सिनेमाने ती पकडली. पडद्यावर पोकर दिसतोही छान, डोळे, घाम, चिप्सचा आवाज. पण कादंबरीतला बॅकरॅटचा प्रसंगही तितकाच ताण देतो. निर्णय जवळजवळ नाहीत, तरी द्वंद्व आहे, कारण ल शिफ्र हरला तर जिवानिशी जाणार आहे.

म्हणून माझा मुद्दा 'पोकरमध्ये कौशल्य आणि कॅसिनोत नशीब' एवढा सोपा नाही. खेळाला द्वंद्वाचं रूप येतं ते समोरच्याचं काही पणाला लागलेलं असतं तेव्हा. डीलरचं काही लागलेलं नसतं. तो पाळीवर आलेला कामगार आहे. टेबल सोडताना तो दोन्ही तळवे उघडे करून कॅमेऱ्याला दाखवतो, हातात चिप लपवलेली नाही याचा पुरावा म्हणून, आणि दुसरा डीलर त्या जागी येतो. खेळाडूचा प्रतिस्पर्धी बदललेला असतो, पण खेळ बदलत नाही. घरच्या तीन पत्तीत सुनीलकाका उठून त्याच्या जागी माई येऊन बसल्या, तर सगळ्यांची खेळायची पद्धत त्या क्षणी बदलते. माई ब्लाइंड जातात का, किती वेळ, हे बघायला लागतं.

याच ठिकाणी सिनेमे आपली फसवणूक करतात. '२१' (२००८) मध्ये एमआयटीची हुशार मुलं लास वेगास लुटतात, आपल्याकडच्या 'तीन पत्ती'त (२०१०) अमिताभ बच्चन गणिताचे प्राध्यापक आहेत आणि सूत्राच्या जोरावर पत्त्यांना हरवू बघतात. गणिताने कॅसिनो हरतं, ही दंतकथा आली एडवर्ड थॉर्पकडून. १९६२ च्या 'बीट द डीलर' या पुस्तकात त्याने दाखवलं की ब्लॅकजॅकमध्ये गेलेली पानं लक्षात ठेवली तर उरलेल्या पानांत खेळाडूचं पारडं जड होऊ शकतं. खरी गोष्ट. पण त्यासाठी डावामागून डाव त्याच कॅटमधून पत्ते निघावे लागतात. थ्री कार्ड पोकरमध्ये प्रत्येक डावाला पूर्ण कॅट नव्याने पिसलेला असतो, बहुधा यंत्राने. मागच्या डावाची आठवण पुढच्या डावात कवडीच्या कामाची नाही. या खेळाचे हक्क पुढे ज्या अमेरिकन कंपनीकडे गेले तिचा मूळ धंदाच पत्ते पिसायची यंत्रं बनवण्याचा होता आणि तिचं नाव होतं 'शफल मास्टर'. एखाद्या कथाकाराने हे नाव दिलं असतं तर आपण त्याला जरा सूचकता कमी कर म्हटलं असतं.

फोनवर हा खेळ आणखी विचित्र होतो. लॅटव्हियातल्या रिगासारख्या शहरातल्या स्टुडिओत खरा माणूस खऱ्या टेबलामागे उभा राहून पत्ते वाटतो आणि जगभरचे लोक स्क्रीनवर बोटं टेकवतात. निकालासाठी माणसाची गरज नाही, सॉफ्टवेअर ते काम करू शकतं आणि करतंही. मग चेहरा कशाला? 'समोर कुणीतरी आहे' हे वाटणंच तिथे विकलं जातंय, असं माझं मत आहे. तो हसतो, चॅटमधलं तुमचं नाव वाचतो, 'गुड लक' म्हणतो. ठरवायचं काही त्याच्याकडे नसतंच. रात्री दोन वाजता एकट्या खोलीत फोन धरलेल्या मुलाला मात्र त्याच्याशी आपलं काही चाललंय असं वाटत राहतं, आणि एक डाव संपायच्या आत पुढचा सुरू होतो. पेअर प्लसमध्ये चारांपैकी जवळपास तीन वेळा हातात काहीच नसतं. पण काहीच नसलेल्या हातातसुद्धा दोन बदाम आणि एक चौकट असते, अठ्ठी-नव्वी आणि मग राणी असते. 'थोडक्यात गेलं' वाटायला एवढं पुरतं.

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा केला, कौशल्याचे असोत की नशिबाचे. रमी हा कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटलं होतं, आणि तेव्हापासूनची सगळी वकिली याच दोन शब्दांभोवती फिरत होती. नव्या कायद्याने तो प्रश्नच बाजूला ठेवला. प्रत्यक्ष टेबलांची गोष्ट वेगळी. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंसाठी कायदा केला, कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. गोव्याच्या कायद्यातही १९७६ हेच साल आहे. पुढे त्यात दुरुस्त्या झाल्या आणि टेबलावरच्या खेळांना पाण्यातल्या बोटींवर परवानगी मिळाली. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या तरुणाची कॅसिनोशी पहिली भेट बहुधा मांडवीतल्या बोटीवर होते, मित्राच्या बॅचलर पार्टीत. तिथे तीन पत्त्यांचं टेबल दिसलं की तो हमखास म्हणतो, हे तर आपल्याला येतं.

त्याला जे येतं ते म्हणजे माणसं वाचणं. कोण उगाच ब्लाइंड जातोय, कुणाचा आवाज जरा वर गेलाय, कोण शो मागायला घाबरतोय. ती सगळी शिदोरी घेऊन तो अशा टेबलावर बसतो जिथे वाचायला माणूसच नाही. माझी तक्रार त्याचे पैसे जातात याबद्दल नाही. करमणुकीला लोक पैसे देतातच, आणि ३.३७ टक्के ही कॅसिनोच्या दुनियेतली फार क्रूर किंमत नव्हे. तक्रार नावाबद्दल आहे. भयकथेच्या वेष्टनात कुणी रेल्वेचं वेळापत्रक विकलं तर आपण ते परत करतो.

रचना म्हणून मात्र मी याला दाद देईन. इतके कमी नियम, इतका नेमका हिशोब, आणि तरी दर डावाला क्षणभर वाटतं की निर्णय आपला आहे. हे साधणं सोपं नाही. डेरेक वेबची पुढची गोष्टही सांगायला हवी. या खेळातून पैसा कमावलेल्या या माणसाने नंतर ब्रिटनमधल्या सट्ट्याच्या दुकानांतल्या यंत्रांविरुद्ध मोहिमेला पैसा पुरवला. त्या यंत्रांवर एका फटक्यात १०० पाउंड लावता येत असत. २०१९ मध्ये ती मर्यादा २ पाउंडांवर आली. काहींना यात दुटप्पीपणा दिसतो. मला वाटतं, यंत्राचे दात कुठे असतात हे तो खेळ रचणाऱ्यालाच चांगलं कळत असणार.

तरीही कुणी विचारलंच, की जायचंच आहे, कसं खेळू? तर संध्याकाळचे पैसे बाहेरच ठरवून, वेगळे काढून न्यायचे. बसण्याआधी कापडावर कलरसमोरचा आकडा बघायचा. ३ असेल तर पेअर प्लसला हात लावायचा नाही, ४ असेल तर थोडी हौस चालेल. राणी-छक्की-चव्वीपासून वर खेळायचं, खाली सोडायचं, आणि गुलाम-दश्शी कितीही देखणे दिसले तरी ते खालीच. डीलरशी बोलायला हरकत नाही, ती बहुधा चांगली माणसं असतात. फक्त त्याच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधत बसायचं नाही. तुमचं ठरेपर्यंत त्याचे तीन पत्ते पालथेच असतात, आणि ते काय आहेत हे त्यालाही तुमच्याबरोबरच कळतं.